मुळशीचीं स्थलवर्णनें

पुण्याच्या पश्चिमेस पसरलेल्या मुळशी तालुक्याचीं वर्णनें अलीकडे विपुल प्रसिद्ध होऊं लागलीं आहेत. ताम्हिणी घाटांतील धबधबे, घनगडाचा कातळ, आणि सर्वांवर कळस म्हणून मुळशीचा विस्तीर्ण जलाशय, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. वाट, भोजन व मुक्काम यांची माहिती त्यांत चोख मिळते, हें आम्ही मान्य करितों. परंतु तो जलाशय जणूं सह्याद्रीइतकाच पुरातन असावा अशा थाटानें तीं लिहिलेलीं असतात, हा त्यांचा मोठा दोष होय.

हें पाणी निसर्गानें सांठविलेलें नाहीं. टाटा कंपनीच्या वीजयोजनेसाठीं मुळा नदीवर धरण होऊं लागलें, तेव्हां मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ह्याच लढ्यानें 'सेनापति' झाले. १९२४ पर्यंत टिकलेला हा लढा अखेर निष्फळ ठरला; भातखाचरें व घरें बुडालीं, आणि पूर्वेस वाहणारें पाणी पश्चिमेस वळून, कोंकणांत भिरा येथें उतरून, मुंबईसाठीं वीज निर्मूं लागलें.

कोणी म्हणेल, सहलीस निघालेल्या कुटुंबास हें दुःख कशाला सांगावें? अशांनीं इंग्लंडांतील ब्रिस्टल ह्या जुन्या बंदराकडे पाहावें. गुलामांच्या व्यापारांत गुंतलेल्या कोलस्टनचा १८९५ सालीं उभारलेला पुतळा तेथील जमावानें ७ जून २०२० रोजीं पाडून बंदराच्या पाण्यांत लोटला. पुढें तो बाहेर काढून, अंगावर फासलेल्या रंगासकट, गांवच्या संग्रहालयांत आडवा मांडण्यांत आला. प्रवासी तोही पाहतात. त्यानें त्यांच्या सहलीचा विरस होत नाहीं.

मुळशींतच लवासा येथें पोर्टोफिनो ह्या इटालियन बंदराच्या धर्तीवर इमारती उभ्या आहेत, आणि ह्या परदेशी मुळाचा उल्लेख आमचे वर्णनकार आवर्जून करितात. मग पायांखालच्या मातीचाच विसर त्यांस कां पडावा?

धरणग्रस्तांचे वंशज आजही ह्या तालुक्यांत राहतात. पुढील लेखकांनीं जलाशयाच्या कांठीं वाचकास क्षणभर थांबवून, पाण्याखालीं काय गेलें तें दोन वाक्यांत तरी सांगावें. सौंदर्य त्यानें उणें होणार नाहीं. पाहणाऱ्याची दृष्टि मात्र खोल होईल.