प्राचीनतेची भाषा आणि वर्तमानाचा स्वर

फिलिप ग्लासच्या ‘अखनातेन’ (श्टुटगार्ट, १९८४) या ऑपेरात प्राचीन इजिप्शियन, अक्कादी आणि बायबलची हिब्रू या भाषा गायिल्या जातात. सूर्यस्तोत्र तेवढे श्रोत्यांच्या भाषेत. संगीत मात्र सर्वस्वी विसाव्या शतकाचे आहे. अखनातेनच्या काळचे सूर शोधून काढल्याचा आव ग्लास आणीत नाही. प्राचीनता भाषेकडे सोपवून स्वर मोकळा ठेवण्याच्या या रीतीचा पूर्वावतार वि. ना. भातखंडे यांच्या ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ (१९१०) या ग्रंथात दिसतो.

‘चतुरपंडित’ या नावाने लिहिलेल्या या ग्रंथाची रचना संस्कृत श्लोकांची. विषय मात्र भातखंड्यांच्या काळी प्रत्यक्ष गायिले जाणारे राग. त्याच सुमारास त्यांनी ‘हिंदुस्तानी संगीत पद्धति’ मराठीत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहावयास घेतली आणि तीत या चतुरपंडिताचा हवाला एखाद्या पूर्वसूरीचा द्यावा तसा दिला. याला चलाखी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पेच मात्र खरा होता. भरत आणि शार्ङ्गदेव यांची शास्त्रे प्रचलित रागांना लावता येत नाहीत, असे त्यांचे मत. आणि ग्रंथाधाराविना शास्त्र उभे राहत नाही, हा काळाचा आग्रह.

सांगलीच्या कृ. ब. देवलांची वाट उलट. त्यांना प्राचीनता स्वरातच हवी होती. बावीस श्रुतींवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथही १९१० चाच. अब्दुल करीम खाँचा कंठ, क्लेमंट्स यांचे पाठबळ आणि श्रुति-हार्मोनियम हा त्यांचा पुरावा. १९१६ च्या बडोदा परिषदेत या श्रुतींवर वाद झडला. जबलपूरच्या कांचघरातून भेडाघाटला गेलेल्यास चौसष्ट योगिनींच्या कलचुरिकालीन मूर्ती दिसतात. त्या काळचे गायन त्या दगडांतून ऐकू येत नाही. ग्रंथांचेही तसेच आहे. देवलांपेक्षा भातखंडे येथे अधिक इतिहासनिष्ठ ठरतात.

तथापि या निवडीची किंमत आहे. उस्तादांच्या मौखिक विद्येवर संस्कृतचे वस्त्र चढले की ती विद्या कोणाची, हा प्रश्न अंधुक होतो. ग्लासच्या श्रोत्याला मुखवटा हा मुखवटा म्हणूनच दाखविला जातो. ‘लक्ष्यसंगीता’च्या पहिल्या वाचकाला तो तसा दाखविलेला नव्हता. त्याला जो पूर्वसूरी वाटला, तो त्याचा समकालीन होता; आणि ज्या दहा थाटांकडे पुढे परंपरा म्हणून पाहिले गेले, त्यांची प्रेरणा सतराव्या शतकातील वेंकटमखीच्या मेलरचनेपलीकडे फारशी मागे जात नाही.