संगीताने गणित सुधारतं का? एका गाजलेल्या पेपरची चिकित्सा

‘संगीत शिकलं की बुद्धी वाढते’ हे वाक्य तुम्ही पालकसभेत किंवा क्लासच्या जाहिरातीत नक्की ऐकलं असेल. त्यासाठी वारंवार दाखला दिला जातो तो ग्लेन शेलेनबर्ग यांच्या 2004 सालच्या पेपरचा. संशोधनाची तयारी करताना हा पेपर मुळातून वाचाच, कारण त्यात शिकण्यासारखं खूप आहे आणि खटकण्यासारखंही.

आधी चांगली बाजू. टोरांटोमधली सहा वर्षांची 144 मुलं घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे रँडम पद्धतीने, चार गट केले: कीबोर्ड, गायन, नाटक आणि काहीच न शिकणारा गट. साधारण वर्षभराने पुन्हा आयक्यू मोजला. संगीताच्या गटांत सरासरी 7 अंकांची वाढ दिसली, उरलेल्या दोन गटांत 4.3 अंकांची.

इथे थांबा. बातमीत ‘7 अंकांनी वाढ’ असं छापलं जातं, पण संगीताचा म्हणून जो काही वाटा आहे तो फक्त फरकाचा, म्हणजे 2.7 अंकांचा. बाकीची वाढ संगीत न शिकता पण झालीच होती, कारण या वयात मुलं नुकतीच शाळेत जायला लागलेली असतात. कंट्रोल ग्रुप कशासाठी लागतो, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट बातम्यांत सहसा येतच नाही. नाटकाच्या गटातल्या मुलांचं सामाजिक वर्तन सुधारलं, संगीताच्या गटात तसं दिसलं नाही. मात्र हे वर्तन पालकांनी नोंदवलेलं होतं आणि आपलं मूल काय शिकतंय हे पालकांना माहीत होतं. त्यामुळे हा निष्कर्षही जपूनच वापरायला हवा.

माझी मुख्य तक्रार पेपरच्या शीर्षकाबद्दल आहे. ‘संगीताचे धडे आयक्यू वाढवतात’ असं ते ठामपणे सांगतं. एका प्रयोगातल्या छोट्या फरकाला हे जड होतं. पुढे इंग्लंडमध्ये 19 शाळांतल्या 909 मुलांवर प्रयोग झाला, त्याचा अहवाल 2015 साली आला. संगीत आणि नाटक या गटांची तुलना केली, तर गणितात किंवा भाषेत संगीताचा जादा फायदा दिसला नाही. 2020 मध्ये साला आणि गोबे यांनी 54 अभ्यास एकत्र तपासले. जिथे रँडम वाटणी होती आणि दुसऱ्या गटालाही काही शिकवलं होतं, तिथे परिणाम जवळजवळ शून्यावर आला.

मग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा, एक लाख 12 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा अभ्यास? त्यात संगीत घेणारी मुलं इंग्रजी, गणित, विज्ञानात पुढे दिसली. घरची परिस्थिती, आधीचे गुण वगैरे हिशोबात धरूनही. पण संगीत घ्यायचं की नाही हे त्या मुलांनी स्वतः ठरवलं होतं. चिकाटी, घरचं प्रोत्साहन, वेळेची शिस्त हे सगळं आकड्यांत पकडता येत नाही. नमुना कितीही मोठा घेतला तरी ही अडचण सुटत नाही.

आपल्याकडे असाच अभ्यास करायचा झाला तर आणखी एक खड्डा आहे. महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात. दहावीची टक्केवारी सरळ उचलली, तर संगीताचे गुण निकालातच मिसळलेले असतील आणि मग ‘संगीतामुळे टक्के वाढले’ हे अगदी शब्दशः खरं ठरेल! म्हणून विषयवार गुण घ्या.

हे सगळं वाचून ‘मग शाळेत संगीताचा तास कशाला?’ असं कुणी विचारेल. मला भीती याचीच वाटते. गणिताच्या जोरावर संगीताची बाजू मांडली, तर असा प्रत्येक पेपर तो तास काढून टाकायला कारण देतो. सूर ओळखणं, दहा जणांच्या तालात आपला आवाज मिसळणं, सगळ्या शाळेसमोर उभं राहून गाणं, हे शाळेने शिकवण्याजोगं आहेच. ज्याच्या घरी पेटी नाही, क्लासची फी परवडत नाही, त्या मुलाला हे शाळेत नाही मिळालं तर कुठे मिळणार?

तुम्ही या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल, तर काय मोजायचं हे आधी ठरवा. संगीत शिकवून मुलं संगीत किती शिकली, हेही मोजा. आणि दुसऱ्या गटाला रिकामं बसवू नका, नाटक किंवा चित्रकला शिकवा.