घोडा नसलेल्या चौकाचा पत्ता

मुंबईत सहा वर्षांत मी पाच घरं बदलली. भाडेकरार अकरा महिन्यांचा, त्यामुळे एक खोका कायम बांधलेलाच ठेवायची सवय लागली. कुणी ‘कुठची तू?’ असं विचारलं की अजूनही तोंडात गावाचं नाव येतं. गावी गेले की मात्र ‘आल्या मुंबईकर’ म्हणून स्वागत होतं. असं दोन्हीकडून अर्धवट असताना मी अरुण कोलटकरांचं ‘काळा घोडा पोएम्स’ वाचलं. आपण या शहराचे कधी होतो, हा प्रश्न मी कदाचित उलटा धरून बसले होते.

पुस्तक इंग्रजी आहे, २००४ सालचं. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलटकर गेले. ते स्वतः मूळचे कोल्हापूरचे. त्यांच्या ‘जेजुरी’त (१९७६) प्रवासी एसटीने येतो, देवळं बघतो आणि शेवटी रेल्वे स्टेशनावर पोचतो. नजर धारदार, पण ती पाहुण्याची. ‘काळा घोडा’त प्रवास नाहीच. कवी वेसाइड इन नावाच्या रेस्टॉरंटमध्ये बसलाय आणि समोरच्या ट्रॅफिक आयलंडकडे बघतोय. एकच जागा, पुन्हा पुन्हा. माझ्या मते या पुस्तकाची खरी ताकद या ‘पुन्हा पुन्हा’त आहे.

पहिल्याच दीर्घ कवितेत एक भटका कुत्रा बोलतो. पहाटे रस्ता रिकामा असताना तो आयलंडवर पडलेला असतो आणि अंगावरचे काळे डाग त्याला जुन्या मुंबईच्या बेटांच्या नकाशासारखे वाटतात. वंशावळही तो ऐटीत सांगतो: एक फांदी १८६४ साली बार्टल फ्रियरने मागवलेल्या शिकारी कुत्र्यांकडे जाते, दुसरी थेट युधिष्ठिराच्या मागे चालणाऱ्या कुत्र्याकडे. विनोद आहेच, पण त्यात एक खोचक मुद्दाही आहे. ज्याच्याकडे कागद नाही, पत्ता नाही, त्याच्या कातडीवरच शहराचा नकाशा आहे. अधिवासाचा दाखला मागणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही.

मग नाश्त्याची वेळ होते. इडली विकणारी बाई येते आणि आजूबाजूचे सगळे त्या आयलंडवर गोळा होतात. कोलटकर त्यांना ‘बिचारे’ करत नाहीत. प्रियकराच्या डोक्यातल्या उवा काढणारी बाई असो, उंदराचं औषध विकणारा असो, प्रत्येकाला ते पूर्ण वेळ देतात. या कवितांबद्दल बोलताना ‘करुणा’ हा शब्द फार लवकर वापरला जातो. मला तो पटत नाही. करुणेला समोरचा माणूस खाली लागतो. इथे समोरच्याला भूक आहे, माज आहे, प्रेम आहे आणि वेळापत्रकही आहे. मग इडल्या संपतात, बाई निघून जाते आणि आयलंड पुन्हा नुसतं आयलंड होतं. त्या जागेवर त्यांचा हक्क किती, तर एका नाश्त्यापुरता.

माझी तक्रारही इथेच सुरू होते. कवीला खुर्ची आहे. बिल देऊन तो घरी जाऊ शकतो. बाहेरच्यांना उठवलं तर जायला जागा नाही. नुसतं प्रेमाने बघितल्याने कुणाचं छप्पर वाचत नाही, आणि पुस्तक वाचून आपल्यालाच शहाणं वाटून घेण्याचा धोका मोठा आहे. मी तो स्टोरी टाकून पत्करलेलाही आहे. पण कोलटकर खोटा दावा करत नाहीत. ‘मी यांच्यातला’ असं ते म्हणत नाहीत. ते फक्त लक्ष देतात, आणि लक्ष ढळू देत नाहीत.

पुस्तक वाचून मी काळा घोड्याला गेले. वेसाइड इन आता नाही. ज्या पुतळ्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला, आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. मधली बावन्न वर्षं तिथे घोडाच नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की कळायचं. राजाचं नाव तर घोडा असतानाही कुणी घेतलं नव्हतं. जागेचं नाव मालकाने नाही, रोज तिथून जाणाऱ्यांनी ठरवलं.

माझा करार फेब्रुवारीत संपतोय. सध्या मी एवढंच करते: स्टेशनच्या पुलावर फोन खिशात ठेवते. लिंबू-मिरची विकणारी बाई डावीकडे बसते, शनिवारी तिच्या शेजारी तिचा मुलगा असतो. गेल्या आठवड्यात दोघंही दिसले नाहीत. ते कुठे गेले हे कुणाला विचारायचं, ते मला माहीत नाही. पण ते नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.