सूत्रधाराच्या शोधात

राजकीय हत्येमागे लोक अदृश्य सूत्रधार शोधू लागले की त्यांना भ्रमिष्ट ठरवून मोकळे होण्याची आपल्या सुशिक्षितांना सवय आहे. मला हे निदान अपुरे वाटते.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये जॉन केनेडींची हत्या झाली. दोनच दिवसांत आरोपी ली हार्वे ऑस्वाल्ड पोलिसांच्या ताब्यात असतानाच जॅक रुबीच्या गोळीला बळी पडला. खटला उभाच राहिला नाही. वॉरन आयोगाने १९६४ मध्ये ८८८ पानी अहवालात ऑस्वाल्ड एकटाच होता असा निष्कर्ष काढला. पुराव्याच्या कसोटीवर तो मला आजही टिकणारा वाटतो. पण त्याने वाचकाचे समाधान होत नाही. मृत्यू एवढा मोठा आणि मारेकरी एवढा किरकोळ! शोकांतिकेला तोलामोलाचा खलनायक लागतो. ऑलिव्हर स्टोनच्या ‘जेएफके’ (१९९१) या चित्रपटाने तो पुरवला. त्यात योगायोगाला जवळजवळ जागाच नाही.

तरीही हा संशय केवळ गोष्टीची भूक म्हणून निकालात काढता येत नाही. ऑस्वाल्डने एफबीआयच्या डॅलस कार्यालयात दिलेली चिठ्ठी त्याच्या मृत्यूनंतर नष्ट करण्यात आली. कॅस्ट्रोला मारण्याचे सीआयएचे बेत त्या संस्थेने आयोगाला कळवले नाहीत. १९७५ मध्ये या दोन्ही गोष्टी चव्हाट्यावर आल्या. काहीतरी दडवले जात आहे, हा लोकांचा अंदाज खरा होता. नेमके काय, ते ओळखण्यात ते चुकले. दडवली गेली होती ती यंत्रणांची नामुष्की.

याच्याशेजारी न्यायालयात सिद्ध झालेला एक कट ठेवून पाहू: गांधीहत्येचा. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. त्याच्या तोंडून आधी ऐकलेली हकीकत मुंबईचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी गृहमंत्री मोरारजी देसाईंच्या कानावर घातली. एवढा बोभाटा होऊनही दहा दिवसांनी नथुराम गोडसे पिस्तूल घेऊन गांधीजींपर्यंत पोहोचला. तपासातली ढिलाई कपूर आयोगाच्या १९६९ च्या अहवालात तपशिलाने नोंदलेली आहे. तरी ‘चौथ्या गोळी’चा प्रवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेरतपासाची ती मागणी २०१८ मध्ये फेटाळली गेली.

या दोन प्रकरणांतून मला एक कसोटी हाती लागते. खरा कट अडखळतो, फुटतो, माणसांसारखाच चुकतो. कल्पित कट कधीच चुकत नाही. म्हणूनच तो भयंकर असूनही दिलासा देतो: निदान कुणाच्या तरी हाती सूत्रे आहेत! फाइलवर फाइल पडून राहिली म्हणून एवढा माणूस गेला, हे पचवणे त्याहून जड जाते.

या दिलाशाची किंमतही मोजावी लागते. अदृश्य सूत्रधाराच्या मागे धावताना, ज्याने वेळेवर हालचाल केली नाही त्या दृश्य अधिकाऱ्याला जाब विचारायचा राहून जातो.