साम्य म्हणजे उसनवारी नव्हे

दोन धर्मांत एखादी कल्पना सारखी दिसली, कीं एकानें ती दुसऱ्याकडून उचलली असें ठरविण्याची पंडितांना घाई होते. लॉरिन्सर या जर्मन विद्वानानें १८६९ सालीं गीतेंत बायबलाच्या 'नव्या करारा'चे पडसाद ऐकले. काशीनाथ त्र्यंबक तेलंगांनीं १८७५ सालीं त्याचें खंडन केलें. गोकुळांतील बालदेवाची कथा आभीरांनीं बाहेरून आणली व तिच्या मुळाशीं ख्रिस्तकथा असावी, असा तर्क डॉ. भांडारकरांनीं १९१३ सालीं केला. 'गीतारहस्या'च्या (१९१५) परिशिष्टांत टिळकांनीं उलट ख्रिस्ती धर्मच बौद्ध धर्माचा ऋणी असावा, असें प्रतिपादिलें.

या वादांतील भक्कम साक्ष बेसनगरच्या गरुडस्तंभाची. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत हेलिओदोर हा यवन दूत तेथें स्वतःस भागवत म्हणवितो. वासुदेवभक्ति ख्रिस्ताहून जुनी, एवढें यावरून सिद्ध होतें. ती पश्चिमेस गेली, हें मात्र होत नाहीं. आमच्या अभिमानास नेमका येथेंच आवर हवा.

उसनवारीचा खरा दाखला फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'चा (१६१६): कथा बायबलाची, ओवी मराठीची, देणारा, घेणारा, काळ, सारें ठाऊक. असा दाखला भांडारकरांच्या तर्कास नाहीं, टिळकांच्याहि नाहीं. तो नसेल तेथें साम्य हा प्रश्न समजावा, उत्तर नव्हे. आईच्या मांडीवरील बालकांत देव पाहण्यास कोणत्याच देशाला परक्याची शिकवणी लागत नाहीं.