फूल आणि दोन पाने : गोव्याच्या जनमत कौलातील वक्तृत्व

वक्तृत्वाची आवड हा मराठी माणसाचा जुना गुण आहे. पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आणि तिच्या वळणावर मराठी वस्ती असलेल्या गावोगावी भरत आलेल्या व्याख्यानमाला याची साक्ष देतात. मात्र या आवडीची एक मर्यादाही आहे. वक्ता कसा बोलला याचे रसग्रहण आपल्याकडे तासन्‌तास चालते; तो काय बोलला आणि ऐकणाऱ्याच्या मनाचे त्याने काय केले, याची चिकित्सा क्वचितच होते. कविता-कादंबरीला लावावयाची कसोटी राजकीय वाणीलाही लावली पाहिजे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेल्या मतदानाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ते अधिकच जवळचे आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्या दोन वर्षांत दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकले. दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष गोवा महाराष्ट्रात विलीन करावा म्हणत होता, डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष गोव्याचे वेगळेपण राखावे म्हणत होता. १९६३च्या निवडणुकीनंतर बांदोडकर मुख्यमंत्री झाले, पण विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेने न घेता लोकांनी थेट मतदानाने घ्यावा, असे अखेर ठरले. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला.

या मतदानाला 'जनमत कौल' हे नाव रूढ झाले. कौल म्हणजे देवाला विचारायचा प्रश्न. मूर्तीला पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी, ते पाहायचे. मतपत्रिकेवरही फूल आणि पानेच होती : फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. जे चिन्ह निरक्षर मतदाराच्या सोयीसाठी असते, तेच मोठ्या प्रश्नाला लहान करते. गोवा हे स्वतंत्र घटकराज्य व्हावे काय, हा तिसरा पर्याय त्या कागदावर नव्हता. प्रचारातील सर्वांत प्रभावी वाक्य पुष्कळदा व्यासपीठावर उच्चारले जात नाही; प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा हे ठरवताना ते लिहून झालेले असते. घटकराज्याचा तिसरा पर्याय प्रत्यक्षात यायला ३० मे १९८७चा दिवस उजाडावा लागला.

आता दोन्ही बाजूंच्या वाणीकडे वळू. विलीनीकरणवाद्यांचा भर नात्यावर होता. कोकणी ही मराठीची बोली, गोवा हे महाराष्ट्राचे अंग, पोर्तुगीजांनी ते तोडले, आता ते जोडायचे, अशी ही मांडणी. तिच्यात तथ्यही होते. गोव्यातील हिंदू बहुजनांचे कीर्तन, भजन, नाटक आणि अक्षरओळख शतकानुशतके मराठीतून चालत आली होती. शिवाय भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला 'महाराष्ट्र' हा शब्द नकाशापेक्षा निराळे काही सांगत असे : या भाटकारांच्या पकडीतून सुटण्याची वाट. बांदोडकर स्वतः बहुजन समाजातून आलेले आणि खाणउद्योगातून संपन्न झालेले. त्यांची साधी, थेट बोली त्या समाजाला आपली वाटे. गावोगावी मराठी शाळा उघडून त्यांनी शब्दामागे कृती उभी केली, म्हणूनच त्या शब्दाला वजन आले.

पण याच मांडणीत एक कच्चा दुवा होता, तो 'विलीनीकरण' या शब्दातच. विलीन होणे म्हणजे विरघळणे, दिसेनासे होणे. घरी परतण्याची भावना जागवू पाहणाऱ्यांनी नाहीसे होण्याचा शब्द निवडला आणि विरोधकांच्या हाती आयते शस्त्र दिले. दुसरे असे की, एखाद्याची घरची भाषा 'बोली' ठरवून त्याला आपलेसे करता येत नाही. शास्त्रार्थ काहीही असो, ऐकणाऱ्याला त्यात कमीपणाच ऐकू येतो.

विरोधकांचा प्रचार अधिक जमिनीलगत चालला. गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा होऊन राहील, कारभार दूर मुंबईहून चालेल, नोकऱ्या बाहेरचे घेतील, महाराष्ट्रातील दारूबंदी इथे आली की माडावर चढणाऱ्या रेंदेराचे आणि तावेर्नवाल्याचे पोट बुडेल : असे हे मुद्दे. संस्कृतीच्या प्रश्नाला माडाच्या झाडाशी आणून बांधणे, हे त्या प्रचाराचे कौशल्य. परंतु हा प्रचारही निर्दोष नव्हता. त्याचे इंधन बव्हंशी भीती होते, आणि वेगळेपण राखल्याने मुंडकाराला काय मिळणार, या प्रश्नापाशी तो अडखळत असे.

या लढ्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट भाषेची आहे. विलीनीकरणाचा कैवार 'गोमन्तक' या मराठी दैनिकाने घेतला. विरोधाचे मुखपत्र 'राष्ट्रमत', आणि तेही मराठीच. त्यातील उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर विलीनीकरणाच्या युक्तिवादांवर दिवसामागून दिवस तुटून पडत होते. महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोवेकराला मराठीत सांगावे लागले आणि मराठीत सांगितल्यानेच ते पटले! मराठीची याहून मोठी थोरवी आणि मराठीच्या नावाने केलेल्या राजकारणाचा याहून मोठा पराभव आम्हांस ठाऊक नाही.

निकाल असा लागला : केंद्रशासित प्रदेशासाठी १,७२,१९१ मते, विलीनीकरणासाठी १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. साष्टीत विरोधाचा जोर मोठा, तर पेडणे-सत्तरीकडे विलीनीकरणाचा. पण केवळ धर्माच्या हिशेबाने हे आकडे उलगडत नाहीत. हिंदू बहुसंख्य असलेल्या प्रदेशात विलीनीकरण हरले, याचा अर्थ अनेक हिंदू मतदारांनीही दोन पाने निवडली.

आणि यापुढची घटना समीक्षकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. अवघ्या अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. विलीनीकरणाला नकार, पण ते मागणाऱ्या माणसाला होकार! पुढारी शब्दांच्या बळावर लोकांना हवे तसे वळवतो, हा समज इथे उणा पडतो. श्रोता मऊ माती नसतो. ज्या गोष्टीचा त्याने स्वतः विचार केलेला नसतो तिथे वक्त्याची वाणी चालते. जिथे त्याचे घर, झाड आणि रोजगार गुंतलेला असतो तिथे तो ऐकतो, टाळ्याही वाजवतो, आणि मत स्वतःच्या हिशेबाने देतो. बांदोडकरांची शाळा त्याला हवी होती, त्यांचा नकाशा नको होता.

मग या वाणीने काहीच घडवले नाही काय? घडवले, पण वक्त्यांच्या मनात नसलेले. 'मराठी म्हणजे विलीनीकरण' हे समीकरण दोन्ही व्यासपीठांवरून इतक्या वेळा घोकले गेले की मागणी हरल्यावरही ते उरले. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराची तरतूद झाली. तोवरचा आणि नंतरचाही वाद त्या समीकरणाच्या छायेतच चालला. मराठीत रोज वाचणारा-लिहिणारा गोवेकर आपल्याच अंगणात संशयित ठरला. पुढाऱ्यांनी भाषेला झेंड्याची काठी केली. झेंडा उतरला, पण मार काठीला बसला.

बेळगावकडील आमचे वाचक इथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. सीमाभागात लोकांना असा कौल कधी विचारलाच गेला नाही. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे असे सुचवले, आणि २००४ साली तो तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. न विचारता घेतलेला निर्णय आणि विचारून मिळालेला नकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीचे मोजमाप दुसरीला लावू नये. सीमाभागाचा दावा नागरिकाच्या हक्काचा आहे. तो त्याच भाषेत मांडला तर बळकट राहतो, मराठीच्या ओवाळणीत मांडला की पातळ होतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी कोणत्याही नकाशाच्या आधाराने टिकलेली नाही. संस्थाने गेली, दरबार गेले, तरी ती घरात, ग्रंथालयात आणि गणेशोत्सवाच्या मांडवात राहिली. म्हणूनच भाषेच्या नावाने मत मागणाऱ्या कोणत्याही पुढाऱ्याला, तो भाषेच्या बाजूचा असो वा विरुद्ध, एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे : तुमची सभा संपल्यावर, तुमची मागणी जिंकल्यावर वा हरल्यावर, या भाषेत बोलणाऱ्या माणसाचे काय होईल? गोव्याच्या कौलात हा प्रश्न दोन्ही व्यासपीठांना कोणी विचारला नाही. तो विचारला जाईल, तेव्हाच आपली वक्तृत्वाची आवड जाणकारीची म्हणता येईल.