फुप्फुसशिरा आणि एक गाजलेला शोधनिबंध

फुप्फुसशिरा शिकवताना आपण वर्गात एक अपवाद आवर्जून सांगतो: शिरा असूनही त्यांतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते. तेवढ्यावर विषय संपतो. फुप्फुसांतले रक्त डाव्या अलिंदात आणून सोडणाऱ्या या चार साध्या नळ्या आहेत, असाच समज आकृतीमुळे होतो. तो मोडणारा शोधनिबंध फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर १९९८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांनी तो जरूर वाचावा. मात्र त्यातील दोन निष्कर्ष वेगवेगळे तोलावेत, असे आम्हांला वाटते.

अलिंदे ठेका सोडून थरथरू लागतात, त्या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डाव्या अलिंदाच्या स्नायूचा थर या शिरांच्या तोंडातून थोडा आतही गेलेला असतो. औषधांना दाद न देणाऱ्या ४५ रुग्णांत संशोधकांनी अवेळी ठोके जेथून निघतात अशा ६९ जागा शोधल्या. त्यांपैकी ६५, म्हणजे ९४ टक्के, शिरांच्या आत २ ते ४ सेंटिमीटरवर होत्या. निरीक्षण अव्वल दर्जाचे आहे. पण हे ९४ टक्के जागांचे आहेत, रुग्णांचे नव्हेत. आणि रुग्णही वारंवार झटके येणारे, निवडक. हा आकडा या विकाराच्या प्रत्येक रुग्णाला लावता येणार नाही.

दुसरा निष्कर्ष उपायाचा. कॅथेटरच्या टोकातून रेडिओफ्रीक्वेन्सी प्रवाह देऊन त्या जागा भाजल्या; यालाच अ‍ॅब्लेशन म्हणतात. सरासरी ८ महिन्यांच्या पाहणीत २८ रुग्णांना पुन्हा झटका आला नव्हता. परंतु उगम सापडला म्हणून डागही तेथेच द्यावा, ही उडी आम्हांला घाईची वाटते. (आज मागे वळून बोलणे सोपे आहे, हे मान्य.) भाजल्या जागी व्रण होतो आणि तो आकसतो. अलिंदाच्या ऐसपैस भिंतीवर ते खपून जाते. अरुंद शिरेत तोच व्रण शीर आवळतो. संथ प्रवाहाच्या नियमाने व्यास निम्मा झाला की विरोध सोळापट होतो. हे हळूहळू, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घडते. शिवाय रक्त फुप्फुसाच्या इतर भागांकडे वळते, समांतर जोडणीत विद्युत्प्रवाह कमी रोधाकडे वळतो तसे. त्यामुळे एक शीर अरुंद झाली तरी रुग्णाला पत्ता लागेलच असे नाही. अशी हानी नुसत्या तक्रारींवरून कशी मोजावी?

त्याच वर्षी 'सर्क्युलेशन' नियतकालिकात अ‍ॅब्लेशननंतर फुप्फुसशिरा अरुंद झालेल्या दोन रुग्णांची नोंद आली. लक्षणे म्हणजे धाप, खोकला, छातीत दुखणे, कधी थुंकीतून रक्त. साहजिकच रुग्ण छातीच्या डॉक्टरांकडे जातो आणि न्यूमोनियाचा संशय येतो. आपल्याकडे थुंकीत रक्त दिसले की आधी क्षय आठवतो, आणि ते योग्यही आहे. पण 'हृदयात कॅथेटर घालून काही केले होते का' हे विचारले नाही, तर खरे कारण निसटते. सी.टी. स्कॅनमध्ये अरुंद शीर दिसते. फुग्याने ती रुंद करता येते, पण पुष्कळदा पुन्हा आवळते.

पुढे डॉक्टर शिरेतून मागे सरकले. शिरेच्या तोंडाबाहेर, अलिंदाच्या भिंतीवर वर्तुळाकार डाग देऊन शिरेतला विद्युत्संदेश बाहेरच अडवू लागले, आणि शिरा गंभीरपणे अरुंद होण्याचे प्रमाण बरेच घटले. पहिला निष्कर्ष टिकला. दुसरा टिकला तो जागा बदलून. हा निबंध अकरावी-बारावीच्या वर्गात सांगताना हृदयाच्या आकृतीत दोन खुणा कराव्यात: अवेळी ठोका जेथून निघतो ती एक, आणि डाग दिला जातो ती दुसरी.